दुपारी जाणारी युनिटं

बोरी अरबमध्ये वीज नावाची गोष्ट कुणाला कळत असेल तर ती एकट्या घनश्यामबाबूंना, असं घनश्यामबाबूंचं प्रामाणिक मत होतं. एप्रिलचं बिल आलं आणि त्या मताला छापील कागदाचा आधार मिळाला. एकशे अठरा युनिट. मागच्या वर्षी याच महिन्यात अडीचशेला टेकलेला आकडा निम्म्याखाली आला होता. आणि तोही कुठल्या एप्रिलमध्ये, तर ज्या एप्रिलमध्ये कावळे नळाखाली येऊन माणसासारखे तोंड धूत होते.

"लोक अंदाजावर जगतात," त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर बिल उलगडून ते म्हणाले. "आपण रीडिंगवर जगतो. फरक इथंच पडतो."

घनश्यामबाबू दारव्ह्याला एका कनिष्ठ महाविद्यालयात मुख्य लिपिक. सकाळी साडेनऊला घर सोडायचे, संध्याकाळी सहाच्या पुढं परतायचे. पंचवीस वर्षं रजिस्टर सांभाळल्यामुळं जगातली कुठलीही अडचण रकाने आखले की सुटते, अशी त्यांची श्रद्धा होती. पाडव्याला त्यांनी एक वही केली, तिच्यावर 'वीज' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि घरासाठी अकरा नियम काढले. खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद. इस्त्री आठवड्यातून एकदाच. दुपारचा कूलर दोन तास, जास्त नाही. फ्रीज उघडून आत काय आहे याचा विचार करू नये. विचार आधी करावा, फ्रीज मग उघडावा. हा चौथा नियम त्यांना स्वतःलाच इतका आवडला होता, की त्यांनी घरादारापुढं आदर्श म्हणून महिनाभर फ्रीजला हातच लावला नाही.

त्यांचा शेजारी प्रेमसिंग राठोड. मेन रोडवर त्याचं कृषी केंद्र, बियाणं-खताचं दुकान. दोघांची घरं बावीस वर्षांपूर्वी, एकाच वर्षी झाली, एकाच मापाची झाली. मधे कंपाउंडची भिंत होती, पण सात वर्षांपूर्वी निंबाची मोठी फांदी तिच्यावर पडली आणि चार फुटांचं खिंडार पडलं. ते बुजवायचं दोघांनी दर उन्हाळ्यात ठरवलं आणि दर पावसाळ्यात विसरले. त्या खिंडारातून वाट्या जायच्या, पोरं जायची, पेपर जायचा. रोज सकाळी सातला प्रेमसिंग आपला कप घेऊन तिथून इकडं यायचा. चहा घनश्यामबाबूंच्या घरचा, कप स्वतःचा, कारण यांचे कप त्याला लहान पडत. चहा पिईपर्यंत तो घनश्यामबाबूंचं बोलणं ऐकायचा. हे बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा बोरी अरबमधला तो एकमेव माणूस होता, आणि ही गोष्ट घनश्यामबाबूंना तेव्हा माहीत नव्हती.

तर दुसऱ्या सकाळी प्रेमसिंगचं बिलही चहाच्या ट्रेवर आलं. दोनशे एकोणसाठ.

घनश्यामबाबूंनी दोन्ही बिलं शेजारी-शेजारी ठेवली आणि चष्मा पुसला.

"बघ प्रेमसिंग. माझ्या घरी माणसं पाच, तुझ्या घरी पाच. दसऱ्याला आपण एकाच दुकानातून, एकाच गाडीत घालून फ्रीज आणला, कूलर आणला, टीव्ही आणला. कंपनी तीच, साइज तीच. शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेतसुद्धा इतकं सारखं मिळत नाही. मग तुझं माझ्या दुप्पट का?"

"तुह्या मीटरनं रोजा धरला असन."

"हसून युनिट कमी होत नाही. सवयी बघ आपल्या."

"माह्या सवयी म्हंजे काय? मी दिवसभर दुकानात. घरी येतो, जेवतो, झोपतो. झोपेत कोनतं बटन दाबतो मी?"

"तुझ्या घरचं म्हणतोय. वहिनींना सांग. नाहीतर थांब, मीच देतो."

घनश्यामबाबूंच्या बायकोचा, नलूवहिनींचा, चहा गाळता गाळता हात थांबला. त्या काहीतरी बोलणार होत्या. एवढ्यात आतून सासूबाई, वच्छलाबाई, नुसत्या खोकल्या, आणि नलूवहिनी पुन्हा चहा गाळू लागल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा नियम कॉलेजच्या प्रिंटरमधून निघून, लॅमिनेशन होऊन खिंडारातून पलीकडं गेले. प्रेमसिंगच्या बायकोनं, बिजलीबाईंनी, ते दोन्ही हातांनी घेतले, वाचले आणि माठावर झाकण म्हणून ठेवले. (नावावरून विनोद करायची हुक्की प्रत्येक लाइनमनला येते. गावच्या फकिरा लाइनमनला एकदा आली होती, पुन्हा आली नाही.)

मे महिना गेला. जूनच्या पहिल्या तारखेला बिलं आली. सकाळी सातला प्रेमसिंग एका हातात कप आणि दुसऱ्या हातात बिल घेऊन खिंडारातून आला, तो लग्नघरात आल्यासारखा.

"बाबू, मानलं तुले. एकशे सतरा. तुह्या कागदानं जादू केली राज्या."

"मी काय सांगत होतो?" घनश्यामबाबू म्हणाले. "नियम म्हणजे—" आणि त्यांनी आपलं बिल उघडलं.

दोनशे बासष्ट.

त्यांनी बिलावरचं नाव वाचलं. ग्राहक क्रमांक वाचला. कागद उलटा करून मागचं वाचलं, तिथं अपघात टाळण्याच्या सूचना होत्या.

"काय आलं?" प्रेमसिंगनं विचारलं.

"येतं थोडं इकडंतिकडं," असं म्हणून त्यांनी बिल घडी करून शर्टाच्या खिशात घातलं आणि आयुष्यात पहिल्यांदा चहा न बोलता प्यायले.

संध्याकाळी दार लावून चौकशी झाली.

"नियम कोणी मोडले?"

"कोनीच नाई," नलूवहिनी म्हणाल्या. "ऐका न, मले एक सांगाचं हाये. ते बिल हाये न—"

"थांब. हा तांत्रिक विषय आहे. आधी आकडे बोलू दे."

आकडे बोलण्यासाठी रविवार ठरला. मीटरवर एक लाल दिवा असतो; वीज जितकी जास्त, तितका तो भराभर लुकलुकतो. घनश्यामबाबूंनी घरातलं एकूण एक बटन बंद करायला लावलं. दुपारचे बारा, पारा चव्वेचाळीसवर, पंखा बंद, कूलर बंद. वच्छलाबाई ओला पंचा डोक्यावर टाकून निंबाखाली खाटेवर बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या, "पोराचा परयोग हाये. आमी बायेर निंगालो, बाप्पा. घर तपासून राह्यला."

लाल दिवा मेल्यासारखा गप्प. म्हणजे गळती नाही. मग एकेक वस्तू लावून बघितली. फ्रीज ठीक. टीव्ही ठीक. कूलर जेवढा खायचा तेवढाच खात होता. संध्याकाळी त्यांनी दिवसभराची बेरीज केली, आणि मग खिंडारातून मान घालून प्रेमसिंगच्या भिंतीवरच्या मीटरचीही केली. त्या दिवशी प्रेमसिंगही दुपारनंतर घरी होता. दोन्ही घरांत फरक पडला जेमतेम दीड युनिटाचा.

सोमवारी सकाळी निघताना रीडिंग घेतलं, संध्याकाळी आल्यावर घेतलं. त्यांच्या घरातून दिवसा सहा युनिटं गेली होती. प्रेमसिंगच्या घरातून एकाच्या आतच. मंगळवारी तेच.

घनश्यामबाबूंनी वहीत आडवी रेघ मारली आणि खाली निष्कर्ष लिहिला. मी घरी असतो तेव्हा युनिटं जात नाहीत. मी घरी नसतो तेव्हा जातात. ज्या दिवशी माझी जातात, त्या दिवशी शेजाऱ्याची वाचतात.

यावरून एखाद्या साध्या माणसानं बायकोला विचारलं असतं. पण घनश्यामबाबूंकडं वही होती.

मंगळवारी संध्याकाळी टपरीवर कुणीतरी सहज विचारलं, "काय बाबू, यंदा किती आलं?" आणि घनश्यामबाबू बोलून गेले. नाव त्यांनी घेतलं नाही. एवढंच म्हणाले, की एका घरची वीज मालक बाहेर गेल्यावर कुठंतरी जाते आणि लगतच्या घरी त्याच वेळी घट दिसते, याचा अर्थ सुज्ञांनी काढावा. बोरी अरबमध्ये सुज्ञ पुष्कळ. अर्ध्या तासात तो अर्थ कृषी केंद्राच्या काउंटरवर पोचला, आणि मृग चार दिवसांवर आलेला, दुकानात बियाण्याला गर्दी झालेली, अशा वेळी प्रेमसिंग गल्ला उघडा टाकून घरी आला. खिंडारात उभा राहिला. आत आला नाही.

"बाबू, मी चोर हाये?"

"चोर हा शब्द मी वापरलेला नाही. मी म्हटलं, लगतच्या घरी घट दिसते."

"लगत कोन हाये तुह्या? एका बाजूनं मी. दुसऱ्या बाजूनं मारोतीचं देऊळ."

"देवळाचं मीटर मी पाहिलं. ते स्थिर आहे."

"म्हंजे मारोतीची चौकशी करून मंग माह्याकडे आला तू. बरं केलं."

"प्रेमसिंग, मी फक्त तुलना—"

"थांब. तुलनाच करू."

त्यानं तिथल्या तिथं फकिरा लाइनमनला फोन लावला. फकिरा शिडी घेऊन आला. खांबावर चढला, भिंतीवर चढला, दोन्ही घरांच्या गच्चीवर गेला, खिंडाराच्या दोन्ही कडांना हात लावून बघितला. निंबाखाली वीस-पंचवीस माणसं जमली. घनश्यामबाबूंना वाटलं, आता वायर सापडू नये. सापडली तर मित्र चोर ठरेल. नंतर त्यांना वाटलं, आता सापडावी. नाही सापडली तर आपण कोण ठरू?

"काईच नाई," फकिरा खाली उतरून म्हणाला. "वायर म्हंजे काय मुंगी हाये का, का दिसनार नाई? मीटर दोन्ही बरोबर. प्रेमसिंगभाऊचं साफ, तुमचंही साफ." मग तो घनश्यामबाबूंकडं वळला. "बाबू, मले वाटते युनिट तुमच्याच घरात जळून राह्यले. घरी इचारा न जरा."

"घरात मी रविवारी सगळं तपासलं आहे."

"रविवारी," फकिरा म्हणाला आणि शिडी खांद्यावर घेऊन निघून गेला.

प्रेमसिंग पुन्हा आवाज चढवून बोलला नाही. तेच घनश्यामबाबूंना अवघड गेलं. तो एवढंच म्हणाला, "बावीस वर्सं झाले, बाबू. पुरे झालं. उद्या मिस्तरी येते." आणि खिंडाराकडं बोट दाखवून परत दुकानात गेला.

त्या रात्री नलूवहिनींनी जेवताना पुन्हा विषय काढला.

"ऐकता काय? त्या युनिटाचं मले मालूम हाये. दुपारी आपल्या इथी—"

"नलू, कृपा कर. आज गावासमोर शोभा झाली. आता कोणी माझ्यासमोर युनिट हा शब्द काढायचा नाही."

"मंग त्यायले तं सांगा—"

"उठू मी ताटावरून?"

नलूवहिनींनी भाकरी वाढली. भिंतीपलीकडं बिजलीबाईंचंही काही वेगळं चाललं नव्हतं. त्यांनी नवऱ्यापुढं विषय काढला, तर प्रेमसिंग म्हणाला, "त्या घरचं नाव या घरात काहाडायचं नाई," आणि कूस बदलून झोपला. म्हणजे झोपला नाही, कूस बदलली.

बुधवारी सकाळी सातला चहा झाला. कप घेऊन कोणी आलं नाही. घनश्यामबाबूंनी आपला चहा घेतला, पेपर घेतला, पहिल्याच पानावर बोलण्यासारखं बरंच होतं. त्यांनी एक वाक्य मोठ्यानं वाचलं. समोर निंबावर एक साळुंकी होती, ती उडून गेली. पलीकडं बैलबंडीतून विटा उतरत होत्या. किसनराव मिस्तरी रेतीची वाट बघत बिडी ओढत होता.

"किती वेळचं काम?" घनश्यामबाबूंनी काहीच नाही अशा आवाजात विचारलं.

"चार फूट तं हाये. रेती आली का दुपारपर्यंत खल्लास."

कॉलेजात त्या दिवशी प्रवेशाची गर्दी. घनश्यामबाबूंनी तीन पावत्यांवर तारीख चुकवली, आणि एका मुलीच्या दाखल्यावर विद्यार्थिनीच्या नावापुढं 'प्रेमसिंग' लिहून बसले. पोरीनं नम्रपणे विचारलं, "सर, हे कोन?" त्यांनी दाखला फाडला, दुसरा लिहिला, आणि बारा वाजता प्राचार्यांच्या टेबलावर अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज ठेवला. कारण : घरगुती. प्रवेशाच्या दिवसांत त्यांनी रजा मागितल्याचं प्राचार्यांना आठवत नव्हतं, म्हणून त्यांनी न वाचताच सही केली. बहुधा कोणीतरी गेलं असावं.

मोटारसायकलवर बसताना घनश्यामबाबूंनी स्वतःला सांगितलं, की आपण दुपारचं रीडिंग घ्यायला चाललो आहोत. युनिटं जातात कुठं ते रंगेहाथ पकडायला. बोरीच्या वेशीपर्यंत हे त्यांना खरं वाटत होतं. वेशीपासून घरापर्यंत त्यांच्या डोक्यात एकच हिशेब होता, की चार फुटांची भिंत, विटेला वीट, सकाळपासून, म्हणजे आतापर्यंत कुठवर आली असेल.

दोन थर आली होती.

खिंडारात दोन थर लावलेले होते, तिसऱ्याची एक वीट ठेवलेली होती, घमेल्यात मसाला सुकत होता आणि त्यात थापी उभी रोवलेली होती. मिस्तरी नव्हता. आवारात माणूस नव्हता. प्रेमसिंगच्या घराला बाहेरून कडी. त्याच्या मीटरवरचा दिवा गप्प. घनश्यामबाबूंनी आपल्या मीटरकडं बघितलं. तिथं लाल दिवा असा लुकलुकत होता, की जणू आत कोणी टेलिग्राम पाठवत होतं.

त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. म्हणजे काढायला जागा शोधली. दाराबाहेर नऊ जोड होते.

दार ढकललं तसा वाळ्याचा गार, ओला वास अंगावर आला. उन्हातून आल्यामुळं आधी काहीच दिसेना. मग दिसायला लागलं. बैठकीत पडदे ओढलेले, कूलर पूर्ण वेगात, आणि कूलरच्या समोर, भुईमुगाच्या शेंगा वाळत घालाव्या तशी माणसं घातलेली. अगदी तोंडाशी, मानाच्या जागी, वच्छलाबाई आणि प्रेमसिंगची आई रुपीबाई, एका उशीवर दोन पांढरी डोकी. पलीकडं दोन्ही घरची पोरं एकमेकांत अशी गुंतलेली, की कोणता पाय कोणाचा हे सोडवायला पोलीस पाटील लागला असता. नलूवहिनी आणि बिजलीबाई भिंतीला टेकून टीव्ही बघत कोथिंबीर निवडत होत्या. फ्रीजचं दार नीट लागत नव्हतं. त्याच्यातून एक ओळखीचं पातेलं आणि एक अनोळखी पातेलं डोकावत होतं. आणि दारालगत, उरलेल्या जागेत, खिंडार बुजवायला आलेला किसनराव मिस्तरी तोंडावर टॉवेल टाकून घोरत होता.

"अगं बाई," नलूवहिनी म्हणाल्या. "तुमी कसे आले?"

तेवढ्यात मागं दम लागल्याचा आवाज आला. त्यांनी वळून बघितलं. प्रेमसिंग. शर्ट घामानं चिकटलेला, हातात दुकानाच्या किल्ल्या.

"तू काहून आला?" घनश्यामबाबूंनी विचारलं. त्यांची शुद्ध भाषा उन्हातच कुठंतरी पडली होती.

"मिस्तऱ्याले थांबवाले आलो." प्रेमसिंगनं बघायचं टाळलं. "गिऱ्हाईक बियानं मांगे, मी त्याले औषद देऊन राह्यलो. म्हनलं, जाऊ दे. तू कायले आला?"

"रीडिंग घ्यायला," घनश्यामबाबू म्हणाले. मग म्हणाले, "मी पन त्याच्यासाठीच."

रुपीबाईंनी एक डोळा उघडला. "दार लावा पयले. थंडाई भायेर जाते."

दोघं आत आले. दार लावलं. उभं राहायला जागा मिस्तऱ्याच्या पायांशी होती, तिथं उभे राहिले. प्रेमसिंगनं अंधारात आपली माणसं मोजली आणि आईला विचारलं, "याडी, तू रोज इथीच असते?"

"अखजीपासून," रुपीबाई म्हणाल्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, आणि डोळा मिटला.

मग नलूवहिनींनी कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली आणि तीन वेळा अर्धवट राहिलेलं वाक्य एकदाचं पूर्ण केलं.

"आमी पापड कसे लाटतो? एक दिवस यायच्या घरी, एक दिवस आपल्या घरी. बारीबारीनं. पाडव्याच्या वक्ती बिजलीबाई म्हने, दुपारी तुमच्या घरी एका कूलरपुढं चार मानसं, आमच्या घरी एका कूलरपुढं चार. फ्रीज दोन, दोन्ही अर्धे रिकामे. टीव्ही दोन, शिरियल एकच. मंग दोन-दोन काहून चालवाचे? तं आमी बारी लावली. पाडव्यापासून अखजीपर्यंत सगडे त्यायच्या घरी. अखजीपासून मिरगापर्यंत आपल्या घरी. ज्याची बारी नाई त्याचा फ्रीज पुसून बंद. रविवारी तुमी दोघं घरी राह्यता, म्हून रविवारी सुट्टी."

"एप्रिलमध्ये आपला फ्रीज बंद होता?" घनश्यामबाबूंनी विचारलं.

"महिनाभर."

"मला कसं कळलं नाही?"

"तुमी उघडलाच नाई न. नियम होता तुमचा."

प्रेमसिंगच्या खांद्याला हालचाल झाली. तो हसत नव्हता. न हसण्यासाठी त्याला जे करावं लागत होतं, ते खांद्यात दिसत होतं.

घनश्यामबाबूंनी खिशातून बिल काढलं. बिलावर मागच्या वर्षीचे आकडे असतात. पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्टीत धरून त्यांनी हिशेब केला. ती सवय जाणार नव्हती. मागच्या मे महिन्यात त्यांचे दोनशे चोपन्न. प्रेमसिंगचे त्याला विचारले. त्याला माहीत नव्हते, बिजलीबाईंना होते, दोनशे अठ्ठेचाळीस. मिळून पाचशे दोन. यंदा दोनशे बासष्ट आणि एकशे सतरा, मिळून तीनशे एकोणऐंशी. दोन बायकांनी वही न करता, रकाने न आखता, एका महिन्यात एकशे तेवीस युनिटं वाचवली होती. अकरा नियमांनी किती वाचवली, तेही त्यांनी मनात काढून बघितलं. तो आकडा त्यांनी कोणाला सांगितला नाही.

"पन मंग एप्रिलचं बिल आलं तेव्हाच सांगाचं न," ते म्हणाले. आवाजात राग आणायचा होता, पण छातीवरून विटांचं घमेलं उतरल्यासारखं झालं होतं, राग कुठून आणणार? चोर कोणीच नव्हता. भिंत दोनच थर होती. "मी गावभर सांगत फिरलो, माझ्या पद्धतीनं निम्मं झालं."

नलूवहिनी सासूकडं बघू लागल्या. वच्छलाबाई डोळे मिटूनच बोलल्या.

"मी थांबवलं तिले. म्हनलं, नको सांगू. किती खुश होता तू घनश्या. मॅट्रिक पास झाला तेव्हापासून इतका खुश नोता पायला तुले."

घनश्यामबाबूंनी बिलाची घडी करून ते पुन्हा खिशात घातलं.

"प्रेमसिंग," घनश्यामबाबू म्हणाले. "टपरीवर जे बोललो ते मी आज टपरीवरच जाऊन परत घेतो. सगळ्यायसमोर."

"लंबं भाषन करशीन तं नको जाऊ."

"दोन वाक्यं."

"तुह्यानं व्हते का दोन वाक्यात?"

"तू ये सोबत. तिसरं आलं तर हात धर."

"येतो," प्रेमसिंग म्हणाला. आणि मग जरा वेळानं, किल्ल्या खिशात घालत, "म्या रात्री झोपलोच नाई, बाबू."

"मी पन नाही."

या बोलण्यानं किसनराव मिस्तरी जागा झाला. त्यानं टॉवेल काढला, दोन्ही मालक आपल्या पायांशी उभे बघितले आणि घाईनं उठून बसला. "बाईनं म्हनलं ऊन उतरू दे, म्हून बसलो होतो जरासा. लावू का आता पुढचे थर?"

"नको," दोघं एकदम म्हणाले.

"मंग हे दोन काहाडू?"

बिजलीबाई कोथिंबिरीवरची नजर न काढता म्हणाल्या, "राहू द्या तेवढे. संध्याकाळी बसाले बरे होते. नायीतं दर वक्ती खाट न्या लागते अथी."

मिस्तऱ्याचा प्रश्न सुटला. तो तोंड धुवायला मोरीकडं गेला आणि कूलरसमोर बरोबर एका माणसापुरती जागा रिकामी झाली.

"बस, बाबू," प्रेमसिंग म्हणाला.

"छे छे, तू बस. तू उन्हातून आला."

"तू काय चांदन्यातून आला? बस."

"नाही, चूक माझी आहे. तू बस."

"अबे, घर तुहं हाये."

"म्हणूनच. पाहुणा आधी."

"मी पाव्हना? बावीस वर्सानं मी पाव्हना झालो?"

"तसं नाही, प्रेमसिंग, मी फक्त—"

हे असं बराच वेळ चाललं. दोघांनाही ते इतकं बरं वाटत होतं, की संपवायची घाई नव्हती. नलूवहिनींनी दोनदा वर बघितलं आणि पुन्हा कोथिंबीर निवडू लागल्या. एवढ्यात किसनराव तोंड पुसत आत आला. त्यानं दोघांकडं बघितलं, मोकळ्या जागेकडं बघितलं, आणि कोणालाच नको आहे असं समजून तो तिथं आडवा झाला.